पक्षाचा 'नवा चेहरा' ते नऊ वर्षांची जेल : मेक्सिकोच्या हाविएर दुआर्तेंना शिक्षा झाली, पण नेमकी कशाची?

१५ एप्रिल २०१७. ग्वाटेमालातल्या आतित्लान तलावाकाठी पानाहाचेल नावाचं एक पर्यटकांचं गाव आहे. ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे गावात गर्दी होती. त्याच गर्दीतल्या एका हॉटेलात पोलीस आणि इंटरपोलची माणसं शिरली आणि एका जाडसर, दाढीवाल्या माणसाला घेऊन बाहेर आली.

त्या माणसाचं नाव हाविएर दुआर्ते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मेक्सिकोतल्या एका मोठ्या राज्याचा सर्वेसर्वा. त्याला पकडून देणाऱ्यासाठी मेक्सिको सरकारने दीड कोटी पेसोंचं बक्षीस लावलं होतं.

अटकेनंतरचे त्याचे फोटो जगभर फिरले, कारण पोलिसांच्या गराड्यात तो चक्क हसत होता. मेक्सिकोत त्या हसण्यावर मीम्सचा पाऊस पडला. पण बऱ्याच जणांना एक प्रश्नही पडला. हा माणूस हसतोय कशाला? याला आधीच काही माहितीय का?

पुढे कोर्टात जे झालं ते पाहिलं, की हा प्रश्न अगदीच फालतू नव्हता असं वाटायला लागतं. सगळा विषय नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट क्लियर करू : तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नाही

मेक्सिकोत राजधानी धरून ३२ राज्यं आहेत. तिथला गव्हर्नर लोकांमधून थेट निवडून येतो. म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, पण त्याहून जास्त ताकदीचा. एकदा सहा वर्षांसाठी निवडून आला, की विधानसभेत बहुमत गेलं म्हणून सरकार पडलं असा प्रकार तिथे नसतो. फक्त दुसऱ्यांदा गव्हर्नर होता येत नाही.

पीआरआय नावाच्या पक्षाने मेक्सिकोवर सलग ७१ वर्षं राज्य केलं. त्या काळात गव्हर्नरवर एकाच माणसाचा वचक असायचा, राष्ट्राध्यक्षांचा. वरून फोन आला की गव्हर्नर राजीनामा देऊन मोकळा व्हायचा.

२००० साली पीआरआयची देशातली सत्ता गेली आणि हा वचकही गेला. राज्यांच्या तिजोरीत येणारा बहुतांश पैसा मात्र केंद्राकडूनच येत राहिला. म्हणजे कर गोळा करायची कटकट नाही, वरून पैसा येतोय आणि विचारणारं कुणी नाही.

राज्याची विधानसभा गव्हर्नरच्याच पक्षाची. सरकारी वकील त्याच्या मर्जीतला. स्थानिक पेपर सरकारी जाहिरातींवर जगणारे. मेक्सिकोत अशा गव्हर्नरांना लोक 'व्हाइसरॉय' म्हणायला लागले. दुआर्तेंची कारकीर्द याच वातावरणात घडली.

दुआर्ते वर आले कसे?

वेराक्रूझ हे मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेलं लांबट राज्य. मोठं बंदर, तेल, ऊस, कॉफी आणि ८० लाखांच्या आसपास लोकसंख्या. २०१६ पर्यंत ८० हून जास्त वर्षं इथे पीआरआयशिवाय दुसऱ्या कुणाचा गव्हर्नर झालाच नव्हता.

दुआर्तेंचा जन्म १९७३ चा. शिक्षण कायद्याचं. राजकारणात त्यांचे गॉडफादर होते आधीचे गव्हर्नर फिदेल हेरेरा. हेरेरांनी त्यांना राज्याचं अर्थखातं दिलं, २००९ मध्ये ते खासदार झाले आणि २०१० मध्ये थेट गव्हर्नर. वय होतं ३७.

२०१२ मध्ये एन्रिके पेन्या निएतो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. पीआरआय तोच जुना भ्रष्ट पक्ष आहे, या टीकेला उत्तर देताना त्यांनी टीव्हीवर पक्षाच्या नव्या पिढीची उदाहरणं दिली. त्यात तीन गव्हर्नर होते : वेराक्रूझचे हाविएर दुआर्ते, चिवावाचे सेसार दुआर्ते (आडनाव सारखं असलं तरी नातं नाही) आणि किंताना रूचे रोबेर्तो बोर्खे.

पुढे काय झालं? हाविएर ग्वाटेमालात पकडले गेले, बोर्खे पनामात आणि सेसार मायामीत. नवी पिढी म्हणून दाखवलेल्या तिघांनाही वेगवेगळ्या देशांतून पकडून आणावं लागलं.

ट्विट केलं म्हणून दहशतवादाचा गुन्हा

दुआर्तेंच्या राज्यात काय चाललंय हे देशाला सगळ्यात आधी कळलं ते सोशल मीडियामुळे.

ऑगस्ट २०११ मध्ये वेराक्रूझ शहरात अफवा पसरली, की शाळांवर हल्ले होतायत. घाबरलेले आईबाप मुलांना आणायला धावले, शहरभर गोंधळ उडाला. अफवा खोटी निघाली. सरकारने ती पसरवल्याबद्दल दोन जणांना पकडलं आणि त्यांच्यावर थेट दहशतवादाचा गुन्हा लावला. शिक्षा ३० वर्षांपर्यंत होऊ शकत होती.

आता त्यांनी अफवा पसरवली हे चूकच. पण लोक ट्विटरवर का विसंबून होते, हेही बघायला पाहिजे. शहरात गोळीबार कुठे चालू आहे, कुठला रस्ता टाळायचा, हे पेपर छापत नव्हते. कारण टोळ्यांची भीती. सरकारही सांगत नव्हतं. मग लोक एकमेकांना सांगायचे.

देशभर ओरड झाली. जवळपास महिनाभराने दोघांना सोडावं लागलं. पण जाता जाता दुआर्ते सरकारने नवा कायदा आणला, ज्यात खोट्या बातमीने सार्वजनिक शांतता बिघडवणं हा गुन्हा ठरला. २०१३ मध्ये मेक्सिकोच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. त्यातले शब्द इतके ढगळ होते, की कुणालाही त्यात अडकवता आलं असतं.

त्याच २०११ च्या सप्टेंबरमध्ये बोका देल रिओ या शहरात भरदिवसा रस्त्यावर ३५ मृतदेह टाकून देण्यात आले. तपास नीट सुरूही झाला नव्हता, तोवर दुआर्तेंनी स्वतः ट्विट करून मेलेले लोक गुन्हेगार असल्याचं सुचवलं. म्हणजे सामान्य माणसाने खात्री न करता ट्विट केलं तर दहशतवाद आणि गव्हर्नरने केलं तर सरकारची बाजू.

पत्रकारांची यादी वाढतच गेली

दुआर्तेंच्या सहा वर्षांत वेराक्रूझमधले किमान १७ पत्रकार मारले गेले. जगात पत्रकारांसाठी सगळ्यात धोकादायक ठिकाणांमध्ये या राज्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

रेहिना मार्तिनेस 'प्रोसेसो' या साप्ताहिकाच्या वेराक्रूझमधल्या बातमीदार. सत्ता आणि टोळ्यांच्या साट्यालोट्यावर लिहायच्या. एप्रिल २०१२ मध्ये राजधानी हालापातल्या राहत्या घरी त्यांचा खून झाला. सरकारने चोरीतून झालेला खून म्हणून केस मिटवली. 'प्रोसेसो'ने ही थिअरी कधीच मान्य केली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये मोइसेस सांचेस या स्थानिक पत्रकाराला घरातून उचलून नेलं आणि ठार मारलं. ते टॅक्सी चालवून स्वतःच्या पैशांनी पेपर काढायचे. दुआर्तेंची प्रतिक्रिया काय होती? तो टॅक्सी ड्रायव्हर आणि गल्लीतला कार्यकर्ता होता. म्हणजे पत्रकार मेला असं मोजायचंच नाही.

त्याच वर्षी जूनच्या शेवटी दुआर्तेंनी पत्रकारांसमोर भाषण केलं. तुमच्यातले काही जण गुन्हेगारांशी जोडलेले आहेत, नीट वागा, असा त्याचा सूर होता.

त्यानंतर महिनाभरात फोटोपत्रकार रुबेन एस्पिनोसा यांचा मेक्सिको सिटीत खून झाला. वेराक्रूझमध्ये धमक्या येतात म्हणून ते राजधानीत पळून आले होते. त्यांच्यासोबत त्या फ्लॅटमध्ये चार स्त्रियांनाही मारलं गेलं. त्यातल्या नादिया वेरा या वेराक्रूझमधल्याच कार्यकर्त्या होत्या. 'प्रोसेसो'च्या मुखपृष्ठावर गाजलेला दुआर्तेंचा पोलिसी टोपीतला फोटो एस्पिनोसांनी काढलेला होता.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. यातल्या कुठल्याही खुनाचा आदेश दुआर्तेंनी दिला, असं कोर्टात सिद्ध झालेलं नाही. पण तपास कुणी करायचा होता? राज्याच्या यंत्रणेने. तिने तो कसा केला, हा प्रश्न थेट गव्हर्नरकडेच येतो.

आई-वडील स्वतः खोदायला लागले

पत्रकारांची निदान नावं तरी छापून आली. बेपत्ता झालेल्या साध्या माणसांचं काय?

जानेवारी २०१६ मध्ये तिएर्रा ब्लांका गावात पाच तरुणांना राज्य पोलिसांनी थांबवलं आणि एका टोळीच्या हवाली केलं. ते परत आले नाहीत. २०१९ मध्ये केंद्र सरकारने या प्रकरणात त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली.

वेराक्रूझ शहरात बेपत्ता मुलांच्या आयांनी 'सोलेसितो' नावाचा गट काढला होता. २०१६ च्या मदर्स डेला त्यांच्या हातात कुणीतरी एक नकाशा ठेवला. त्यावर शहराजवळच्या कोलिनास दे सांता फे या भागात खुणा होत्या. आयांनी वर्गणी काढली, पहारी घेतल्या आणि जमीन उकरायला सुरुवात केली. त्या एका जागेतून २५० हून जास्त कवट्या निघाल्या.

त्यातले सगळे बळी दुआर्तेंच्याच काळातले आहेत असं नाही. पण सरकारने शोधायला हवं ते आयांना शोधावं लागलं, हे त्याच काळात घडलं. पुढे दुआर्तेंचे सुरक्षामंत्री आणि राज्याचे मुख्य सरकारी वकील हे दोघंही बेपत्ता लोकांच्या प्रकरणांत जेलची हवा खाऊन आले.

मग पडले कशामुळे? ब्लँकेटं आणि शाळेच्या साहित्यामुळे

दुआर्ते अडकले ते पैशाच्या प्रकरणात.

मे २०१६ मध्ये 'अनिमल पोलितिको' या न्यूज वेबसाइटने एक शोधबातमी छापली. राज्य सरकारने गरिबांसाठी ब्लँकेटं, बूट, शाळेचं साहित्य वगैरे घ्यायचं म्हणून २१ कंपन्यांना ६४ कोटी ५० लाख पेसोंची कंत्राटं दिली होती. रिपोर्टर या कंपन्यांच्या पत्त्यांवर गेले. कुठे राहती घरं, कुठे रिकामा प्लॉट. कंपनीचा पत्ताच नाही.

मग त्यांनी कागदावरचे मालक शोधले. ते निघाले गरीब वस्तीतले लोक. सरकारी मदत मिळेल असं सांगून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आपल्या नावावर कोट्यवधींची उलाढाल करणारी कंपनी आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. आपल्याकडे ज्याला बोगस किंवा शेल कंपनी म्हणतात, तेच हे.

याच्या कितीतरी आधीपासून देशाची लेखापरीक्षण संस्था वेराक्रूझच्या हिशोबांवर बोट ठेवत होती. केंद्राने शाळा, आरोग्य यांसाठी पाठवलेला पैसा भलत्याच खात्यात वळवला जातो आणि ऑडिट आलं की तो परत आणल्याचं दाखवलं जातं, असा तिचा आरोप होता. तक्रारी दाखल झाल्या, फायली पडून राहिल्या. राज्याचं सरकारी विद्यापीठ २ अब्जांहून जास्त पेसो थकल्याचं सांगत रस्त्यावर उतरलं.

म्हणजे माहिती होती, आकडे होते. कारवाई नव्हती. ती कधी झाली? जून २०१६ च्या निवडणुकीत पीआरआयने वेराक्रूझ गमावल्यावर. त्या दिवशी निवडणूक झालेल्या १२ पैकी ७ राज्यांत पीआरआय हरला. त्यानंतर पक्षाला दुआर्ते अचानक जड वाटायला लागले.

जाता जाता दुआर्तेंनी आपल्या सोयीची भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा उभी करायचाही प्रयत्न केला. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं ते त्यांच्याच पक्षाच्या केंद्र सरकारने.

१२ ऑक्टोबर २०१६ ला, मुदत संपायला ४८ दिवस असताना, दुआर्तेंनी रजेचा अर्ज दिला. आरोपांना तोंड द्यायला मोकळा होतोय, असं सांगितलं आणि गायब झाले. मेक्सिकोत गव्हर्नरला पदावर असताना फौजदारी कारवाईपासून संरक्षण असतं. पद सोडल्यावर ते गेलं, अटक वॉरंट निघालं, पण पाखरू उडालेलं होतं. पक्षाने हकालपट्टी केली. त्यांच्या जागी बसलेल्या हंगामी गव्हर्नरवर पळायला मदत केल्याचा आरोप झाला आणि त्यालाही अटक झाली.

मागे तिजोरी रिकामी होती. निधी मिळाला नाही म्हणून विरोधी पक्षांच्या महापौरांनी हालापातल्या सरकारी मुख्यालयातच मुक्काम ठोकला.

कोर्टात काय झालं?

ही या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण सोशल मीडियावर 'भ्रष्ट नेत्याला जेल' एवढंच फिरतं.

जुलै २०१७ मध्ये ग्वाटेमालाने दुआर्तेंना मेक्सिकोच्या ताब्यात दिलं. त्यांच्यावर संघटित गुन्हेगारी आणि मनी लाँडरिंगचा आरोप होता. संघटित गुन्हेगारी म्हणजे जबर शिक्षा. पण २०१८ मध्ये सरकारी वकिलांनीच हा आरोप बदलून त्याजागी गुन्हेगारी टोळी बनवल्याचा, म्हणजे बराच हलका आरोप ठेवला.

मग दुआर्तेंनी गुन्हा कबूल केला. मेक्सिकोच्या कायद्यात आरोपीने कबुली दिली तर पूर्ण खटला चालवायची गरज नसते, साक्षी-पुरावे टळतात आणि शिक्षा कमी होते. २६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला : ९ वर्षं जेल, ५८ हजार ८९० पेसो दंड आणि ४१ मालमत्ता जप्त. तेव्हाच्या दराने दंडाची रक्कम सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास येते. जप्तीवरून पुढे वरच्या कोर्टात वाद चालला तो वेगळाच.

सरकारचं म्हणणं असं, की शिक्षा पक्की झाली, वर्षानुवर्षं चालणारा आणि कदाचित हरणारा खटला टळला. या म्हणण्यात काही तथ्य आहे. मेक्सिकोत मोठ्या नेत्यांचे खटले पुराव्यातल्या चुकांमुळे कोसळलेले आहेत.

पण किंमतही मोजावी लागली. खटला उभाच राहिला नाही. पैसा कुठून कुठे गेला, कुणी सही केली, वर कुणाला वाटा पोचला, हे उघड कोर्टात कधीच विचारलं गेलं नाही. साक्षीदार आले नाहीत, उलटतपासणी झाली नाही. २१ कंपन्यांमागचं पूर्ण जाळं लोकांसमोर आलं नाही. निकाल लागला तेव्हा पेन्या निएतोंचं सरकार जायला जेमतेम दोन महिने उरले होते, हेही लोकांच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसरी अडचण आंतरराष्ट्रीय कायद्याची. दुसऱ्या देशाने आरोपी सोपवला, की ज्या गुन्ह्यांसाठी सोपवला तेवढ्यासाठीच खटला चालवता येतो. नवा आरोप लावायचा तर त्या देशाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे बेपत्ता लोकांच्या प्रकरणांत दुआर्तेंना उभं करायचं, तर आधी ग्वाटेमालाला विचारा.

अटकेपासून मोजली तर ही ९ वर्षं एप्रिल २०२६ मध्ये भरतात. लवकर सोडा, असा त्यांचा अर्ज नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने फेटाळला. आपण राजकीय सूडाचे बळी आहोत, असं ते स्वतः सांगत आलेत.

ज्याने पकडवलं, तो तरी धुतल्या तांदळाचा?

दुआर्तेंनंतर गव्हर्नर झाले मिगेल आंगेल युनेस. दुआर्तेंना जेलमध्ये टाकणार, याच मुद्द्यावर ते निवडून आले. स्वतः पूर्वी पीआरआयचेच, पण आता पॅन या विरोधी पक्षाकडून.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याची घटनादुरुस्ती सिनेटमध्ये आली. सत्ताधारी मोरेना पक्षाला एक मत कमी पडत होतं. ते दिलं युनेस यांच्या मुलाने, जो विरोधी पक्षाचा सिनेटर होता आणि ज्याच्यावर आधी अटक वॉरंट निघालेलं होतं. हा सौदा आहे असा आरोप विरोधकांनी केला, युनेस कुटुंबाने तो नाकारला.

वेराक्रूझच्या लोकांनी काय पाहिलं? पीआरआय गेला, पॅन आला, मग मोरेना आला. खटला कुणावर होणार, हे मात्र सत्तेवर कोण आहे यावरच ठरताना दिसलं.

मग दुआर्ते प्रकरणातून हाती काय लागतं?

दुआर्तेंना शिक्षा झाली हे छोटं यश नाही. पदावरून उतरलेला गव्हर्नर नऊ वर्षं आत राहणं मेक्सिकोत नेहमी घडत नाही. त्याचं श्रेय पत्ते शोधत वेराक्रूझच्या गल्ल्यांत फिरलेल्या रिपोर्टरांना आणि ८० वर्षांची सवय मोडून मत देणाऱ्या लोकांना जातं.

पण निकालाचा कागद वाचला तर त्यात मनी लाँडरिंग आहे आणि टोळी बनवणं आहे. रेहिना मार्तिनेस त्यात नाहीत. मोइसेस सांचेस नाहीत. कोलिनास दे सांता फे नाही. पैशाचा माग कागदावर राहतो, बँकेत राहतो, म्हणून तो पकडता येतो. माणसं गायब होतात तेव्हा माग ठेवायची जबाबदारी ज्यांची असते, त्यांनीच तो पुसलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही नेत्याच्या शिक्षेची बातमी फॉरवर्ड करताना वर्षांचा आकडा बघून थांबू नका. शिक्षा कोणत्या कलमाखाली झाली, आधी लावलेलं कुठलं कलम मध्येच गळालं आणि खटला खरंच चालला की कबुलीवर मिटला, हे बघा. दुआर्ते प्रकरणात या तीन प्रश्नांची उत्तरं ९ वर्षांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतात. आणि वेराक्रूझमधल्या आया अजूनही पहारी घेऊन जमीन उकरतायत.